जिप्सीच्या पोटाखालची प्लेट आणि आईच्या फरशीवरचे डाग

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

नागपुरातून बोलतोय. बाहेर पाऊस सुरू आहे आणि माझ्या खोलीवर टिनाचं छत आहे, त्यामुळे मागे तडतड ऐकू आली तर समजून घ्या.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे आलाय. कोणी थार घेतली, कोणी जिम्नी घेतली, कोणाला काकांची जुनी जिप्सी मिळाली. सगळ्यांचं एकच: ‘दादा, खाली स्किड प्लेट लावू का? कोणती लावू? किती जाड?’

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण ही प्लेट मी दोनदा लावली आहे, आणि पहिली चुकीची लावली. त्या चुकीचे पैसे मी भरले, पायपीट मात्र माझ्या बाबांना करावी लागली. म्हणून आज आधी ती गोष्ट, मग मोजमापं.

गाडी कशासाठी, तर पांदण रस्त्यासाठी

मी सॉफ्टवेअरवाला आहे. बीटेक कॉम्प्युटरचं, नोकरी मिहानमध्ये. माझा आणि पान्या-स्क्रूड्रायव्हरचा संबंध तसा उशिराच आला. पण घरची संत्र्याची बाग आहे, काटोलच्या पुढे. नागपूर, फेटरी, कळमेश्वर, काटोल, तिथून गाव, इथपर्यंत डांबर. गावाच्या पुढे बागेपर्यंत अडीच किलोमीटर पांदण.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, पांदण म्हणजे शेतात जाणारा सामायिक कच्चा रस्ता. तुमच्याकडे पाणंद म्हणतात. आमच्याकडे तो काळ्या मातीतून जातो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंच वरंबा राहतो. पाऊस थांबला की हाच वरंबा वाळून सिमेंटसारखा कडक होतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही होत नाही. आपली गाडी त्या चाकोरीत उतरली की चाकं खाली आणि पोट वरंब्यावर.

शिवाय दगड. नागपूर शहर बरोबर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर बसलंय. पूर्वेला फार जुना, वेगळा खडक. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याच बेसाल्टची. काटोलकडे गेलात की प्रत्येक नाल्यात हेच काळे धोंडे. घण मारला तरी सहज फुटत नाहीत, आपल्या गाडीच्या पत्र्याला काय जुमानणार?

म्हणून जिप्सी. मारुतीने ही गाडी 1985 च्या डिसेंबरमध्ये आणली. आता नवी मिळत नाही, पण पेंच, ताडोबाच्या सफारीला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. माझी सेकंडहँड, 1300 सीसी, पेट्रोल. हलकी, साधी, साधारण टनभर वजनाची. चिखलात ती अशी जाते की मोठमोठ्या गाड्या बघत राहतात.

पोटाखाली नेमकं काय असतं

प्लेट समजायची तर आधी गाडीखाली झोपून बघा. मी खरंच सांगतोय. मोबाईलचा टॉर्च घ्या आणि बघा. फक्त एक: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नसतो. चेसिसखाली घोड्या लावा, चाकांना उटी लावा, मगच खाली जा.

जिप्सीखाली काय दिसतं? लांबीला दोन मजबूत पट्ट्या, म्हणजे चेसिस. पुढे आणि मागे एकेक सलग अॅक्सल, त्यात डिफरन्शियलचा गोळा. पुढे इंजिन, त्याच्या तळाला ऑइलचं भांडं, म्हणजे सम्प. मागे गिअरबॉक्स. आणि त्याच्याही मागे, गाडीच्या बरोबर पोटात लटकलेली एक वेगळी पेटी: ट्रान्सफर केस. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं आणि ‘लो’ गिअर देणं हे तिचं काम. अनेक गाड्यांत ही पेटी गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. जिप्सीत ती सुटी आहे, मधे एक छोटा शाफ्ट आहे, आणि पेटी रबरी बुशांवर टांगलेली आहे.

ही तीन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागतील. ती पोटाच्या मधोमध आहे. ती रबरावर असल्यामुळे थोडी हलते. आणि तिच्यात लिटरभरसुद्धा ऑइल नसतं. इंजिनचं ऑइल कमी झालं, प्रेशर पडलं, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ट्रान्सफर केससाठी असा कुठलाही दिवा नाही. ती कोरडी पडत असेल तर ती फक्त आवाजाने सांगते.

पहिली प्लेट

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, त्या वाळलेल्या वरंब्यावर गाडी घासली. ‘खर्रर्र’ असा आवाज आला की पोटात गोळा आला. खाली बघितलं तर ट्रान्सफर केसवर ओरखडा. झालं. रात्री बसून परदेशातले व्हिडिओ बघितले, मोठमोठ्या खडकांवरून प्लेट घासत जाणाऱ्या गाड्या बघितल्या, आणि दुसऱ्या शनिवारी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली.

त्यांनी अर्ध्या दिवसात काम करून दिलं. 3 मिलिमीटरचा सपाट पत्रा, गाडीच्या मापाने कापला, चार कोपऱ्यांना पट्ट्या वेल्ड केल्या, बोल्ट मारले, काळा रंग दिला. 6,500 रुपये. एकही भोक नाही, एकही खिडकी नाही. मला तर तेच आवडलं होतं! किती स्वच्छ दिसतंय, खालून एकदम बंद. फोटो टाकला, लोकांनी बदाम पाठवले.

दोष सगळा त्यांचा नाही, हेही सांगतो. त्यांनी विचारलं होतं, ‘ऑइल बदलायला जागा ठेवायची का?’ मीच म्हटलं, ‘नको, दगड अडकेल.’

आईने गाडीचं कौतुक केलं

जुन्या जिप्सीला थोडंफार ऑइल गळतंच. घराच्या पोर्चमध्ये आईने हौसेने फरशी बसवून घेतली आहे, आणि त्या फरशीवर रोज सकाळी एखादा काळा थेंब असायचा. आई रोज बोलायची. प्लेट लावली आणि डाग बंद. एकदम बंद. जूनमध्ये आई म्हणाली, ‘बरं झालं बाई, फरशी तरी वाचली.’ या गाडीबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी खूश.

आता जरा विचार करा. गळती बंद झाली होती का? प्लेटने गळती कशी बंद होईल?

गळती सुरूच होती. फक्त थेंब फरशीवर पडायच्या ऐवजी प्लेटवर पडत होता. आणि प्लेटवर आमच्या पांदणीतली काळी माती साचत होती, कारण बाहेर पडायला तिला जागाच नव्हती. ती माती ऑइल पीत होती.

त्यात जुलैमध्ये नाल्यातल्या एका धोंड्यावर गाडी टेकली. ‘ठण्ण’ वाजलं, मी मनात म्हटलं, वा, पैसे वसूल! प्रत्यक्षात काय झालं होतं, तर सपाट पत्रा वर दबला होता आणि ट्रान्सफर केसच्या ड्रेन प्लगला जाऊन टेकला होता. पेटी हलते, पत्रा थरथरतो, दोघं एकमेकांना घासतात. तो प्लग हळूहळू सैल होत गेला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि कळायचा मार्गही मी स्वतःच बंद करून ठेवला होता.

बाबा आठवड्यातून दोनदा बागेत जातात. एकदा परत येऊन म्हणाले, ‘आवाज वाढल्यासारखा वाटते रे.’

मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, ‘जिप्सी आहे बाबा, आवाज तर करणारच.’

ऑगस्टची ती संध्याकाळ

ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळगळ सुरू होते. ज्यांच्या घरी संत्रा आहे त्यांना सांगायला नको. सकाळी गेलं की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा असतो. फवारणी एक दिवस पुढे ढकलली तरी जीव वर-खाली होतो. म्हणून पावसाची उघडीप बघून बाबा दुपारी एकटेच औषध घेऊन गेले. बाबा 63 वर्षांचे. त्याच्या आदल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

परत येताना अंधार पडायच्या सुमारास, नाल्याच्या पलीकडे, पांदणीच्या मधोमध आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग एक जोराचा झटका, आणि गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी पुढेही जाईना आणि मागेही. आत बेअरिंग जाम झालं होतं. वरून पाऊस सुरू. तिथे मोबाईलला रेंज नाही.

बाबा गाडी सोडून चालत निघाले. नाल्याला पाणी वाढलेलं, म्हणून एका पळसाखाली तासभर थांबले. पाणी उतरल्यावर अंधारात, त्या गुडघ्याने, काठी टेकत नाला ओलांडला. पुढे थोडी रेंज आली तिथून मला तीन फोन केले. मी रिलीजच्या कॉलवर होतो. फोन सायलेंट होता.

नऊ वाजता मी मिस्ड कॉल बघितले. तोपर्यंत शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून बाबा गावात पोचले होते. मी रात्री अकराला तिथे गेलो तेव्हा ते खाटेवर गुडघ्याला शेक देत बसले होते. मला काहीही बोलले नाहीत. ‘जेवला काय?’ एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘हे तं झाकण हाय’

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून गाडी तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. ते आधी प्लेट काढायला गेले. बोल्ट निघेनात. बोल्टची डोकी खाली बाहेर आलेली होती, दगडांनी घासून घासून गोल झाली होती, पाना बसेना. शेवटी गॅस कटरने कापली. प्लेट खाली आली आणि तिच्याबरोबर काळ्या, तेलकट मातीच्या विटा. दोन घमेली भरली. एवढं ओझं माझी गाडी रोज फिरवत होती.

मिस्त्रींनी त्या मातीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘भाऊ, हे प्लेट नाही, हे तं झाकण हाय. आतमंधी काय होऊन राह्यलं, कोणाले समजन?’

ऐकणाऱ्यांपैकी जे कोड लिहितात त्यांना मी एका वाक्यात सांगतो. मी रिकामा ट्राय-कॅच लिहिला होता. एरर येतेय, मी ती पकडतोय आणि कुठेही लॉग न करता गिळतोय. स्क्रीन स्वच्छ, मॅनेजर खूश, आणि आत सिस्टिम मरतेय. ऑफिसात ज्युनिअरने असा कोड दिला तर मी तो परत पाठवतो. घरच्या गाडीला मात्र तोच 3 मिलिमीटर पत्र्यात करून घेतला आणि वर फोटो काढला.

ट्रान्सफर केसच्या दुरुस्तीला 28,000 लागले. जुने पार्ट शोधण्यात तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे ऐन फळगळीचे होते.

दुसरी प्लेट: आता मोजमापं

तरीही मी दुसरी प्लेट लावली. कारण तो वरंबा तिथेच आहे, धोंडे तिथेच आहेत. प्लेटची कल्पना चुकीची नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलासुद्धा पोटाखाली अशी प्लेट होती. चूक माझ्या प्लेटमध्ये होती. दुसऱ्या वेळी काय केलं ते क्रमाने सांगतो. वही असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, कशाला वाचवायचं ते ठरवा. चेसिसला लावलेली प्लेट पोट वाचवते. जिप्सी किंवा जिम्नीसारख्या सलग अॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो, तो प्लेटच्या बाहेरच राहतो. त्याला प्लेट वाचवत नाही, चालवणाऱ्याची नजर वाचवते. 2020 नंतरच्या थारमध्ये पुढची चाकं स्वतंत्र आहेत आणि पुढचा डिफरन्शियल वर, गाडीलाच बसवलेला आहे. तिथे हिशेब वेगळा. त्यामुळे मित्राच्या गाडीची प्लेट तुमच्या गाडीला ‘बसवून घेऊ’ असं करू नका. आणि कंपनीने आधीच काही दिलंय का तेही बघा. अनेक गाड्यांखाली काळं प्लास्टिक असतं. ते धूळ-पाणी अडवतं, दगड नाही.

दुसरी, जाडी. स्टीलचा साधा हिशेब: 1 चौरस मीटर, 1 मिलिमीटर जाड पत्रा म्हणजे 7.85 किलो. माझी प्लेट 90 सेंटिमीटर बाय 50, म्हणजे 0.45 चौरस मीटर. 3 मिलिमीटरला साडेदहा किलो, 4 मिलिमीटरला 14, 6 मिलिमीटरला 21. आता गंमत बघा. पत्रा वाकायला किती अवघड, हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी दुप्पट केली तर आठपट. 3 वरून 4 वर गेलो तर वजन फक्त एक तृतीयांश वाढतं, पण ताठपणा दुपटीपेक्षा जास्त. म्हणून मी 4 घेतला. 6 घ्यायचा मोह होतो, पण ते ओझं तुम्ही पेट्रोल जाळून रोज वाहणार आहात.

अॅल्युमिनियमचं विचाराल. 6 मिलिमीटर अॅल्युमिनियम माझ्या मापात सव्वासात किलो भरतं, म्हणजे 4 मिलिमीटर स्टीलच्या जवळपास निम्मं. गंजतही नाही. पण ते मऊ असतं, टोकदार दगड त्यात रुततो आणि गाडी घसरून पुढे जायच्या ऐवजी अडकते. शिवाय आपल्याकडच्या प्रत्येक गावात स्टील वेल्ड करणारा मिळतो, अॅल्युमिनियमवाला मिळेलच असं नाही.

तिसरी, आकार. जाडीपेक्षा हे महत्त्वाचं. साधा कागद दोन बोटांत धरला की लवतो, त्याच्या कडा दुमडल्या की ताठ उभा राहतो. छपराचा पन्हळी पत्रा त्याच कारणाने माणसाचं वजन पेलतो. माझ्या पहिल्या प्लेटला एकही दुमड नव्हती. दुसऱ्या प्लेटच्या दोन्ही बाजू वर दुमडल्या, मधे लांबीला दोन हलक्या घड्या दिल्या, आणि पुढची कड होडीच्या टोकासारखी वर वळवली. प्लेटचं काम दगड थांबवायचं नसतं, त्यावरून घसरून जायचं असतं. पुढची कड सरळ राहिली तर ती दगडाला नांगरासारखी रुतते.

दोन प्लेट लावणार असाल तर घरावरचे कवेलू आठवा. पाणी वरच्या कवेलूवरून खालच्या कवेलूवर उतरतं, मधे कुठे अडत नाही. तसाच दगड पुढच्या प्लेटवरून मागच्या प्लेटवर उतरला पाहिजे. म्हणजे जोडावर पुढची प्लेट खालच्या बाजूला, मागची वर. उलटं बसवलं तर पहिलाच दगड मागची प्लेट सोलून काढेल.

चौथी, प्लेट कशाला बांधायची. भार जाणार कुठे, हा खरा प्रश्न. दगडावर गाडी टेकते तेव्हा शे-दोनशे किलो नाही, कधीकधी अर्ध्या गाडीचा भार त्या एका जागी येतो. तो सरळ चेसिसवर गेला पाहिजे. सम्पच्या, गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या बोल्टला प्लेट बांधणं म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच मानेवर ओझं देणं. आणि चेसिसच्या खालच्या पृष्ठभागाला भोक पाडू नका. वाकणाऱ्या कुठल्याही तुळईत सगळ्यात जास्त ताण वर आणि खाली येतो, मधे सगळ्यात कमी. फर्स्ट इयरचा मेकॅनिक्सचा पेपर मी जेमतेम काढला होता, पण हे एवढं लक्षात राहिलं. चेसिसवर कंपनीची भोकं असतात, ती वापरा. नसतील तर चेसिसला दोन्ही बाजूंनी आवळणारे क्लॅम्प बनवा. आम्ही तेच केलं. वेल्डिंग चेसिसवर अजिबात नाही.

पाचवी, बोल्ट. डोकं बाहेर राहता कामा नये. प्लेटमध्ये खड्डा करून बसणारे, सपाट डोक्याचे एम-10 बोल्ट वापरले, 8.8 ग्रेडचे. आटे सुरू करण्याआधी ग्रीस लावलं, म्हणजे वर्षभराने निघतील. डोक्यातल्या षटकोनी खाचेत चिखल बसतो, तो खिळ्याने उकरून काढायचा. माझी अट एकच होती: बाबांना घरी, साध्या पान्यांनी, अर्ध्या तासात ही प्लेट काढता आली पाहिजे.

सहावी, अंतर. पेटी हलते असं मी म्हटलं होतं, आठवतंय? म्हणून ट्रान्सफर केस आणि प्लेट यांच्यात 25 मिलिमीटर जागा ठेवली. फार कमी ठेवली तर गाडी घरघरते आणि पत्रा दबला की सरळ पेटीवर. फार जास्त ठेवली तर जी उंची वाचवायला निघालो तीच घालवून बसतो.

सातवी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: खिडक्या. ड्रेन प्लगच्या बरोबर खाली भोक, पाना आणि हात जाईल एवढं. फिलर प्लगपर्यंत बाजूने पोचता आलं पाहिजे. मागच्या कडेला लांबट फटी, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने माती बाहेर निघते. भोकांच्या कडा आतल्या बाजूला वळवलेल्या, म्हणजे दगड अडकत नाही. हो, जिथे भोक आहे तिथे एखादा टोकदार दगड लागू शकतो, हे खरं. पण तो धोका मला दिसतो. बंद प्लेटचा धोका दिसत नाही.

खिडक्या उन्हाळ्यातही लागतात. मार्चनंतर आपल्याकडे वाळलेलं गवत, पळस-सागाची पानं प्लेटवर साचतात आणि शेजारून गरम सायलेन्सरचा पाइप जातो. 45 अंशांत त्या जोडीला वेगळं काही लागत नाही. सायलेन्सरजवळ प्लेट मोकळी ठेवा आणि दर फेरीनंतर हात घालून गवत काढा. गाडी थंड झाल्यावर!

हे सगळं बनवलं कसं? फ्रीजचं खोकं घेतलं. गाडीखाली झोपून पुठ्ठा कापला, लावला, परत कापला. दोन रविवार गेले. पुठ्ठा नीट बसल्यावरच हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यांनी पत्रा कापून, मशीनवर घड्या मारून दिल्या. रेड ऑक्साइड, वर रंग. खर्च पहिल्या प्लेटच्या साधारण दुप्पट. पण आधीचे 28,000 धरले तर ती पहिलीच प्लेट महाग होती.

कायद्याचं थोडक्यात

गाडीत फेरफार म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने पुढच्या क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, कारण ते बाहेर येतात आणि रस्त्यावरच्या माणसाला लागतात. पोटाखालची प्लेट बाहेर येत नाही, पण म्हणून मोकळं रान समजू नका. चेसिस कापू नका, वेल्ड करू नका, गाडीच्या बाहेर काही काढू नका, आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीची अधिकृत अॅक्सेसरी मिळते का ते विचारा. विमा कंपनीलाही कळवून ठेवा.

मग लावू का नको?

गाडी वर्धा रोडवरून ऑफिसला आणि समृद्धीवरून शिर्डीला जात असेल तर नको. पैसे टायरवर घाला. महिन्यातून दोनदा का होईना, पण खरोखर चाकोरी, नाला, दगड असतील तर लावा. आणि लावल्यावरही गाडी आधीसारखीच चालवा. मी प्लेट लावल्यावर दगड टाळणं सोडून दिलं होतं, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक, प्लेटच्या मागे बघणं सोडून दिलं. आणि तिसरी, ज्याचं काय करू ते मला अजून कळलेलं नाही, ती म्हणजे बाबा आवाजाबद्दल सांगत होते तेव्हा मी मान वर केली नाही. त्यांनी चाळीस वर्षं गाड्या, मोटारपंप, ट्रॅक्टर कानाने दुरुस्त केलेत. त्या गाडीला नसलेला लाल दिवा म्हणजे बाबाच होते.

दुसरी प्लेट बसवली त्या दिवशी बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. शेवटचा बोल्ट लावल्यावर म्हणाले, ‘मजबूत तं आहे. पण खाली पाहाले जागा ठेवली ना?’ मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी गुडघा सांभाळत वाकून त्या खिडकीतून बघितलं, आणि मान डोलावली.

आता दर फेरीनंतर ते स्वतः बघतात. आणि फ्रीजच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा रात्री गाडीखाली टाकलेला असतो. सकाळी चहाच्या आधी बाबा पुठ्ठा बघतात. एखादा थेंब असतो. जुनी गाडी आहे, असणारच. पण कालच्यापेक्षा वाढलाय का, एवढं कळतं. आईची फरशी वाचलीच, पण तिने गाडीचं कौतुक करणं मात्र बंद केलंय. ‘पोर्चमध्ये कचरा पसरवून ठेवतात,’ म्हणते.

बोलू द्या. पुठ्ठा तिथेच राहणार.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या गाडीखाली प्लेट असेल तर या रविवारी टॉर्च घेऊन एकदा बघा, आणि घरात कोणी ‘आवाज वाढलाय’ म्हणत असेल तर लॅपटॉप बंद करून आधी ऐका. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.